सुईदोरा : वाकळ, क्रॉस स्टिच आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की गोधडी, पॅचवर्क, क्रॉस स्टिच असलं काहीही विचारायचं असेल तर पाठवा, आणि तुम्ही खरंच पाठवलंत, पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, एकीनं तर वाकळीच्या कोपऱ्याचा फोटो पाठवून खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलंय (ताई, कोपरा छान आहे, पुढे चालू द्या). सगळ्यांना जागा पुरणार नाही म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांचे होते ते आधी घेतलेत. इकडे कोल्हापुरात पाऊस धरून बसलाय, बाहेर जायचं निघत नाही, म्हणजे सुई हातात घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत.

ताई, माझी आई मागच्या वर्षी गेली. तिच्या कपाटात नऊवारी, सहावारी मिळून बऱ्याच साड्या आहेत, काही सुती, काही टेरिकॉट, दोन इरकली. भाऊ म्हणतो कुणाला तरी देऊन टाक. मला त्याची वाकळ करायची आहे पण कात्री हातात घेतली की हात थांबतो. मशीन येत नाही, हाताची शिवण जेमतेम. कुठनं सुरू करू? — राजारामपुरी

ताई, कात्री ठेवून द्या, ती लागतच नाही. आपल्याकडची वाकळ ही मुळात घड्या घालून करायची वस्तू आहे. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि पावणेचार-चार फूट रुंद असा चार पदरी तुकडा तयार होतो, एका माणसाला अंगावर घ्यायला पुरेसा. एकही काप नाही. डबल बेडला हवी असेल तर अशाच दोन घड्या शेजारी शेजारी ठेवून मधे जोडा. सहावारी असेल तर तीन घड्या घाला, ती साधारण सहा फुटांची होते, आणि जी साडी फारच विरली असेल ती आतल्या पदरात टाका, बाहेरून दिसत नाही पण ऊब तीच देते.

फक्त आधी सुती कुठल्या आणि टेरिकॉट कुठल्या ते वेगळं करा, कारण टेरिकॉट घसरतं, घाम शोषत नाही, आणि सुतीबरोबर एकत्र शिवलं की धुतल्यावर सुती आटतं आणि हे तसंच राहतं, मग वाकळीला फुगे येतात. हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, सुती कागदासारखं जळतं आणि राख होते, टेरिकॉट वितळून त्याचा कडक मणी होतो. टेरिकॉटच्या साड्यांचं पायपुसणं विणा, मजबूत होतं. इरकलीचं मात्र जपून, तिचा लाल पदर आणि काठ रंग सोडू शकतात, पांढरं फडकं ओलं करून त्यावर दाबून बघा, रंग लागला तर ती साडी आधी वेगळी धुवून घ्या. नाही लागला तर तो पदर वाकळीच्या वरच्या बाजूला मधोमध येऊ द्या, आईचा पदर आहे तो, आत कशाला लपवायचा.

मग एक दिवस घरातली सगळी बाहेर पाठवा. फरशी पुसून कोरडी करून साडी पसरा, सुरकुती राहू देऊ नका, चारी कडांना पाट, डबे, पुस्तकं जे असेल ते वजनाला ठेवा. मधून बाहेरच्या दिशेला वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला, हे नंतर उसवून टाकायचेत म्हणून सरळ आले नाहीत तरी चालतंय, पण हे टाळू मात्र नका, कारण पदर सरकले तर शेवटी एका कोपऱ्यात सगळी चूण गोळा होते. कडा आत दुमडा आणि कडेपासूनच धावदोरा सुरू करा, चारी बाजूंनी फिरत फिरत आत, ओळीओळीत बोटभर अंतर. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच कडेकडून आत येतात, आणि खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडचा सिद्दी समाज जी कवंदी करतो तीसुद्धा कडेपासून मध्यापर्यंत अशीच भरत नेतात, फक्त ते वरती जुन्या कापडाचे रंगीत तुकडे लावत जातात आणि चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं देतात. तुम्हालाही कोपऱ्यात फुलं द्यावीशी वाटली तर द्या, टेरिकॉट सोडून कुठलाही तुकडा चालेल.

सुई लांब आणि मोठ्या नाकाची घ्या, दाभण नको, भोकं राहतात. दोरा सुती आणि दुहेरी, लांबी हातभर, त्याहून जास्त घेतला की गुंता. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, पहिल्या दिवशी नकोसं वाटतं पण चार पदरांतून सुई ढकलायची म्हणजे बोटाचं काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळतं. टाके लहानमोठे येतील. येऊ द्या. कुठं हळदीचा डाग असेल, कुठं पिन लावून लावून पडलेली भोकं असतील, तेही तसंच राहू द्या. आणि झाली की कपाटात ठेवू नका एवढंच माझं म्हणणं, नातवंडांच्या अंगावर घाला, त्यावर लोळू दे, दूध सांडू दे, धुता येते ती, सुती आहे.

नमस्कार. आमी इचलकरंजीत आयुष्यभर लूमवर काम केलं, आता घरात बसून हाय. सुनंचं क्रॉस स्टिचचं किट बघितलं आन मलाबी करावं वाटाय लागलं. दुकानात म्हणत्यात १४ काउंट पायजे का ११, त्ये काय असतंय? डोळ्याला चष्मा हाय. गल्लीतली पोरं हसत्यात ते वेगळंच.

काका, तुमचं पत्र वाचून एवढा आनंद झाला की मी ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुम्हाला हे काम इतरांपेक्षा लवकर कळणार आहे कारण रीड आणि पिक, म्हणजे इंचात उभे-आडवे किती धागे ते, तुमच्या डोळ्यात बसलेलं आहे. क्रॉस स्टिचचं कापड, त्याला आयडा म्हणतात, ते असं विणलेलं असतं की ताणा-बाणा मिळून चौकोनी घरं पडतात आणि घराच्या चारी कोपऱ्यांना सुई जाईल एवढं भोक राहतं. एका इंचात अशी किती घरं बसतात तो काउंट. १४ काउंट म्हणजे इंचात १४ फुल्या (क्रॉसचा एक टाका म्हणजे एक फुली), ११ काउंट म्हणजे ११, घर मोठं. तुम्हाला चष्मा आहे तर ११ नं सुरू करा, हात बसला की १४ ला या. १८ च्या नादी आत्ता नको. आयडा नाही मिळालं तर मॅटीचं कापड मागा, आपल्या बाजारात ते सहज मिळतं आणि स्वस्त पडतं, फक्त घरं दोन्ही बाजूंनी सारखी आहेत का ते पट्टी लावून मोजून घ्या, उभी चौदा आणि आडवी तेरा असली तर गोल चेंडू काढायला गेलात की अंडं होतं.

हिशेब सोपा आहे. नक्षी किती टाक्यांची ते कागदावर लिहिलेलं असतं, त्याला काउंटनं भागा. समजा १४० बाय ९८ टाक्यांची आहे, १४ काउंटवर ती बरोबर १० इंच बाय ७ इंच येणार, ११ वर पावणेतेरा बाय नऊच्या आसपास. चारी बाजूंना तीन-तीन इंच जास्तीचं कापड ठेवा, फ्रेम करताना लागतं. कापडाच्या दोन घड्या घालून मध्य काढा आणि नक्षीचा मध्य त्यावर धरून तिथनंच सुरू करा, म्हणजे एका बाजूला कापड कमी पडलं असं होत नाही.

दोरा सहा पदरी असतो, अँकरची किंवा डीएमसीची आठ मीटरची लडी येते, त्यातला हातभर तोडायचा आणि त्यातले दोन पदर एक एक करून वेगळे ओढून परत एकत्र धरायचे, १४ काउंटला दोन, ११ ला तीन. सुई बोथट टोकाची, २४ नंबर, ती कापडाला टोचत नाही, भोकातनं जाते. उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या (डावखुरे असाल तर उजव्या) आणि मांडीवर गडद रंगाचा टॉवेल टाका, पांढऱ्या कापडाची भोकं ठळक दिसतात.

आता पोरांचं. त्यांना मेजर अलेक्सिस कॅस्डाग्लीची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात हा ब्रिटिश अधिकारी जर्मनांच्या कैदेत सापडला आणि १९४१ साली तिथं बसून त्यानं क्रॉस स्टिचचा एक नमुना भरला. वरवर बघितलं तर नाव-गाव-तारीख आणि कडेनं ठिपक्यारेघांची साधी किनार. त्या ठिपक्यारेघांच्या ओळी मोर्स कोडमध्ये, म्हणजे तारायंत्राच्या सांकेतिक लिपीत होत्या, एकीत लिहिलं होतं देव राजाचं रक्षण करो आणि दुसरीत हिटलरला सणसणीत शिवी. पकडणाऱ्यांना पत्ता लागला नाही, उलट त्यांनी तो तुकडा लोकांना बघायला मांडून ठेवला. सुईचं काम बायकांचं म्हणणाऱ्यांना एवढं पुरे आहे. आणि तुमचा पहिला तुकडा झाला की मला फोटो पाठवाच.

मी बँकेत आहे, दिवसभर टार्गेट आणि कस्टमर, रात्री मोबाईल बघत एक वाजतो. मैत्रिणीनं क्रॉस स्टिच लावून दिलं, बरं वाटतंय, पण सासूबाई म्हणतात तयार फ्रेम मिळते की बाजारात, डोळे कशाला फोडून घेतेस. मला उत्तर देता येत नाही. खरंच उपयोग काय याचा? — ताराबाई पार्क

बरं वाटतंय असं तुम्हीच लिहिलंयत, ते पहिलं उत्तर. पण मला यावर थोडं मोकळेपणानं लिहायचंय कारण हा प्रश्न कितीतरी जणींना घरातून विचारला जातो आणि त्या गप्प बसतात.

क्रॉस स्टिचमध्ये सतत मोजावं लागतं, सात लाल, दोन सोडा, तीन हिरवे, आणि मोजताना दुसरं काही डोक्यात राहू शकत नाही, साहेब काय बोलले, उद्याचा डबा, हप्ता, सगळं बाजूला सरतं. ध्यान लावून बसा म्हटलं तर मला पाच मिनिटं जमत नाही पण मोजत मोजत तासभर जातो. वाकळीत उलटं आहे, तिथं मोजायचं काही नाही, हात आपोआप चालतो आणि त्यामुळे तोंड मोकळं राहतं, दोघी-तिघी एकाच वाकळीच्या कडेला बसल्या की ज्या गोष्टी समोरासमोर चहा घेताना निघत नाहीत त्या तिथं निघतात कारण नजर कापडावर असते. माझ्या आजीच्या गल्लीत अर्ध्या जणींची दुखणीखुपणी वाकळीवरच कळायची.

आणि रंग. लडी निवडायला बसलं की हिरव्यातले आठ हिरवे शेजारी शेजारी ठेवून कुठला घ्यायचा यात जो वेळ जातो ना, तो वाया जात नाही, तोच तर आनंद आहे. शिवाय हे काम दिसतं. बँकेतलं काम तुम्ही रोज करता आणि रोज ते परत पहिल्यापासून सुरू होतं, इथं काल पाकळी होती आज फूल आहे, उद्या कुणी ते उसवायला येणार नाही. दोरा कापडातून ओढतानाचा तो बारीक आवाज ऐकलाय का, टीव्ही बंद करून एकदा ऐका.

तयार फ्रेमचं म्हणाल तर बाजारात चपातीपण मिळते. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना विचारा की तुम्ही लग्नाआधी काय भरलं होतं, रुमाल, टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे काहीतरी असणारच, त्या पिढीत नसेल असं घर विरळा. ते काढायला लावा. बघा मग त्या काय बोलतात.

टेलरकडनं चिंध्या खूप मिळतात, पॉपलिन, रुबिया, अस्तर. फेकवत नाहीत. मशीन नाही. लहान तुकड्यांचं काही होईल का? — कसबा बावडा

होईल, आणि फार सुंदर होईल, षटकोनांचं पॅचवर्क करा. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, त्यांचा जाड कागद यासाठी एकदम बरोबर. एक इंच बाजूचा षटकोन नीट आखून एक पत्रिका कापा, तो साचा, त्यावरून बाकीचे कापायचे, साचा मात्र बदलायचा नाही नाहीतर प्रत्येक वेळी थोडा थोडा मोठा होत जातो. कापड कागदापेक्षा चारी बाजूंनी, म्हणजे साही बाजूंनी, पाव इंच जास्त ठेवून कापा, कागदावर दुमडा आणि कच्च्या टाक्यानं धरून ठेवा. असे दोन झाले की चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून एका कडेवर अगदी बारीक टाके घालत जोडा, सुई फक्त कापडाची कड पकडेल, कागदात जाणार नाही. मधे एक आणि भोवती सहा, फूल झालं. ज्या षटकोनाच्या साही बाजू जोडून झाल्या त्याचा कागद काढून घ्या, परत वापरता येतो.

सोळा इंची उशीच्या अभ्र्याला शंभर-सव्वाशे लागतील, कडेचे अर्धवट कापले जातात ते धरून. घाबरू नका, हे काम डब्यात मावतं, एसटीत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मुलांच्या क्लासबाहेर कुठंही होतं. पॉपलिन आणि रुबिया एकत्र चालेल, दोन्ही साधारण एकाच वजनाचं आहे, अस्तर मात्र पातळ, ते यात घेऊ नका, खाली लावायला ठेवा. आणि कापायच्या आधी सगळ्या चिंध्या एकदा धुवून इस्त्री करा, नंतर आटून घोळ होतो.

माझं क्रॉस स्टिच पुढून छान दिसतं पण मागची बाजू म्हणजे जंगल. रीलवर बघते तर लोकांची मागची बाजू पण पुढच्यासारखी. मी चुकीचं करतेय का? (वय १९)

नाही गं. मागची बाजू भिंतीकडे असते. फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळ म्हणजे पुढची बाजू बिघडणार नाही. वरची तिरपी रेघ सगळीकडे एकाच दिशेला जाऊ दे, काही फुल्यांची उजवीकडे काहींची डावीकडे झाली की उजेडात तेवढाच भाग वेगळा चमकतो आणि मग कितीही इस्त्री केली तरी जात नाही. गडद दोरा पांढऱ्या कापडामागून लांब नेऊ नकोस, पुढून सावली दिसते, बोटभर अंतरापेक्षा जास्त असेल तर तोडून नवीन सुरू कर. गाठ मारू नकोस, पुढच्या बाजूला टेंगूळ येतं. दोन पदर वापरत असशील तर एकच पदर दुप्पट लांब घेऊन मधे दुमड, दोन्ही टोकं सुईत ओव, पहिल्या अर्ध्या टाक्यानंतर मागे जो फास राहतो त्यातून सुई काढ, दोरा आपोआप अडकतो. संपवताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून नेऊन काप.

दोरा पिळला जात असेल तर मधेमधे सुई सोडून लोंबकळू दे, पीळ निघून जातो. बस. रील कमी बघ, भर जास्त.

माझं माहेर धारवाडकडचं, आजी इरकलीवर कसुती भरायची. मला ती शिकायची होती पण राहून गेली. आता मुलीमुळे क्रॉस स्टिच करतेय तर आजीच्या कामासारखंच वाटतंय. काही संबंध आहे का दोन्हीचा? — गडहिंग्लज

आहे, आणि तुम्हाला वाटलं ते अगदी बरोबर आहे. दोन्ही धागे मोजून करायची कामं. कसुतीत कापडावर आधी काही छापत नाहीत, ताणाबाणा मोजायचा आणि भरायचं, गाठही मारत नाहीत. तिच्यात चार प्रकार, गवंती म्हणजे सरळ-तिरप्या रेघा, एकदा जायचं आणि उरलेल्या फटी भरत परत यायचं, मुर्गी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची रेघ, हे दोन्ही नीट भरले तर उलटसुलट सारखे दिसतात, नेगी म्हणजे साध्या धावदोऱ्यानं विणल्यासारखी दिसणारी नक्षी, आणि चौथा मेंथी, तो क्रॉस स्टिचच आहे. आजी तुमच्या मेंथी भरत असणार, म्हणून तुम्हाला ते ओळखीचं वाटलं. कर्नाटकच्या कसुतीला जीआय मानांकनही आहे.

तुमचा हात आत्ता आयडावर बसलाय तर तिथंच कसुती सुरू करा, इरकलीवर लगेच नको, तिथले धागे मोजताना डोळे थकतात. गोपूर, तुळशीवृंदावन, हत्ती, रथ, पोपट हे तिचे जुने आकार चौकटीच्या वहीत उतरवून घ्या, आजीची साडी असेल तर त्यावरूनच मोजून घ्या, तेच सगळ्यात चांगलं. सगळं एकाच कापडावर भरत जा, आज हत्ती, पुढच्या महिन्यात वृंदावन. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या बाईनं १५९८ साली भरलेला असा नमुन्याचा तुकडा आहे, त्यावर एका मुलीच्या जन्माची नोंद धाग्यानं लिहिलीय, १५९६ साली, मंगळवारी, दुपारी. तुमच्या कापडाच्या कडेला आजीचं नाव आणि गाव भरा, मुलीला वाचता येईल असं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये, किंवा दोन्हीत.

मैत्रिणीनं माझं क्रॉस स्टिच बघून तसंच करून दे म्हटलंय, पाचशे रुपये देते म्हणतेय. नाही म्हणवत नाही. छंदातून चार पैसे मिळाले तर वाईट काय असं नवरा म्हणतो. — शाहूपुरी

वाईट काही नाही, पण आधी हिशेब मांडा. वर काकांना सांगितलं त्याच मापाची नक्षी धरा, १४० गुणिले ९८, पूर्ण भरलेली असेल तर १३,७२० फुल्या. तासाला दीडशे धरल्या तरी नव्वद तासांच्या वर. पाचशेतून दोरा आणि कापड वजा करा आणि उरलेल्याला नव्वदनं भागा. तो आकडा कागदावर लिहून मैत्रिणीसमोर ठेवा, भांडू नका, नुसता ठेवा. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना खरंच अंदाज नसतो.

माझं मत विचाराल तर ऑर्डर घेऊ नका. एकदा तारीख ठरली की तुमचा रात्रीचा निवांत वेळ कामाचा वेळ होतो. मैत्रिणीला करून द्यावंसं वाटत असेल तर लहान काहीतरी तुमच्या मनानं करा आणि भेट द्या. आणि ज्या बायका पोटासाठी वाकळी शिवून देतात त्यांच्याशी घासाघीस करू नका हेही इथंच सांगते, एक वाकळ हातानं शिवायची म्हणजे कंबर आणि मान दोन्ही जातात, मागतील तेवढे द्या.

लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला, आता? — मंगळवार पेठ

वाळू देऊ नका, आत्ता लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरा आणि पाणी पांढरं येईपर्यंत धरून ठेवा, वेळ लागतो. गरम पाणी नको, पिळणं नको. पूर्ण गेला याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री अजिबात नको, एकदा इस्त्री फिरली की तो डाग बसलाच. वाळवताना टॉवेलवर आडवं पसरून ठेवा. पुढच्या वेळी लाल आणि मरून लडी वापरायच्या आधी भिजवून बघा.

पावसाळ्यात सुया गंजतात, कापडाला वास येतो. काय करावं? — रंकाळा परिसर

तुमच्याकडे तर तळ्याची हवा पण आहे. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवायची सवय सोडा, दोन-तीन दिवसांत तिथं तांबूस ठिपका पडतो आणि गंजाचा डाग काढणं म्हणजे कापड खराब करणं. सुया घट्ट झाकणाच्या लहान डबीत ठेवा, नवीन चपलेच्या किंवा पर्सच्या खोक्यात त्या सिलिकाच्या पुड्या येतात त्यातली एक आत टाका (घरात लहान मूल असेल तर डबी उंचावर). गंजलेली सुई घासून वापरू नका, दोरा कातरते, टाकून द्या, सुई काही महाग नाही.

कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल आतच राहते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि थोडा जरी वेळ ऊन पडलं की बाहेर काढा, फक्त भरलेली बाजू थेट उन्हात नको, रंग उडतात. आणि वाकळ मोठी असेल तर ती शिवा पावसात पण धुवा दिवाळीनंतर, चार पदरी ओली वाकळ इथल्या जुलैत आठवडाभर वाळत नाही आणि एकदा आंबूस वास लागला की दोन धुण्यांशिवाय जात नाही. तोपर्यंत चहाचे कप लांब ठेवून शिवत राहा.